सातवा गुण

मी दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचते. माझ्या नोकरीतलं हे मला सगळ्यात आवडणारं काम. कोड चालतो की नाही हे मशीन सांगतंच. वाचणाऱ्याने शोधायचं असतं ते वेगळं. लिहिणाऱ्याने काय गृहीत धरलंय, आणि कुठली केस त्याच्या डोक्यातच आली नाही? साहित्याच्या समीक्षेचं शिक्षण मला नाही. पण गेल्या वर्षी एक मजकूर हातात पडला आणि तो मी कुठल्याही कादंबरीपेक्षा जास्त वेळा वाचला. त्याचा लेखक कोणी एक माणूस नाही, समिती आहे. मजकूर जेमतेम काही पानांचा. नाव 'इंडियन डिसॅबिलिटी इव्हॅल्युएशन अँड असेसमेंट स्केल', लघुरूप 'आयडियाज'. मानसिक आजारामुळे एखाद्याला किती टक्के अपंगत्व आलंय, हे आपल्या देशात या मोजपट्टीने ठरतं.

या मजकुरात मला माझा दादा शोधायचा होता.

दादा आता ३५ वर्षांचा आहे. २०११ मध्ये तो डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता, मी नववीत. त्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया झाला. झाला असं आज म्हणते. तेव्हा आम्ही 'अभ्यासाचं टेन्शन', 'बाहेरचं काहीतरी' आणि 'संगत' या तिन्ही पायऱ्या चढून मगच डॉक्टरकडे गेलो. बाबा गेल्यानंतर तो आणि आई पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहतात. आई शिवणकाम करते. मी लग्न होऊन पुण्यात. गावाकडच्या रेशनकार्डावरून माझं नाव कमी झालंय.

दादाकडे ६० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र होतं, मुदत पाच वर्षांची. त्याच्या आधारावर त्याला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे महिना दीड हजार मिळायचे. एवढे तर मी जीपेवर सहज पाठवू शकते, पाठवतेही. पण दादा म्हणतो, "ते तुझे पैसे. हे माझे." त्या दीड हजारातून तो आईच्या बीपीच्या गोळ्या आणतो आणि स्वतःच्या मोबाइलचं रिचार्ज करतो. जगात त्याच्या नावावर येणारे एवढेच पैसे. २०२५ च्या उन्हाळ्यात मुदत संपत आली आणि नूतनीकरणाचं काम माझ्याकडे आलं. घरात फॉर्म भरणारी मीच.

चार प्रश्न, एक उंबरठा

आधी मजकूर समजून घेऊ.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती आणि मानसिक आजार हा त्या यादीतला सातवा, शेवटचा. यादीत नाव आलं खरं, पण मोजायचं कसं? पाय किती वाकतो ते मोजता येतं, कानाला किती ऐकू येतं ते मोजता येतं. एखाद्याला जग किती परकं वाटतं हे कशाने मोजणार? उत्तर यायला काही वर्षं गेली. इंडियन सायकियाट्रिक सोसायटीच्या समितीने ही मोजपट्टी बनवली आणि २००२ मध्ये केंद्र सरकारने ती स्वीकारली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सातच्या जागी २१ प्रकार आणले, 'अपंग'च्या जागी 'दिव्यांग' आला, कागदी प्रमाणपत्राबरोबर यूडीआयडी कार्ड आलं. मोजपट्टी तीच राहिली.

ती अशी चालते. चार विषय: स्वतःची काळजी, लोकांशी नातं, संवाद आणि समज, आणि काम. प्रत्येकाला ० ते ४ गुण. ० म्हणजे काही अडचण नाही, ४ म्हणजे पूर्ण अडचण. या बेरजेत आजाराला किती वर्षं झाली त्याचे गुण मिळवायचे. दोन वर्षांपेक्षा कमी असेल तर १, दहा वर्षांपेक्षा जास्त असेल तर ४. एकूण २०. बेरीज १ ते ६ आली तर ४० टक्क्यांपेक्षा कमी, ७ ते १३ आली तर ४० ते ७० टक्के. योजना, सवलती, आरक्षण यांतलं जवळजवळ सगळं ४० टक्क्यांपासून सुरू होतं. म्हणजे सगळा खेळ सहा आणि सात यांच्यामध्ये आहे.

इथे प्रत्येक गुण म्हणजे दोष. शाळेत गुण वाढावेत म्हणून आई देवापुढे दिवा लावायची. दादाचे गुण वाढावेत असं आता मला वाटत होतं, आणि तसं वाटण्याची लाजही वाटत होती.

कोड रिव्ह्यूच्या सवयीने मला दोन गोष्टी लगेच खटकल्या. पहिली, ही बेरीज. 'आंघोळीला आठवण करावी लागते' हा एक गुण आणि 'घरात कोणाशी बोलत नाही' यातला एक गुण एकाच वजनाचे आहेत, हे कोणी ठरवलं? चार वेगळ्या फळांची बेरीज करून आपण त्याला टक्के म्हणतो, आणि टक्के म्हटलं की ते विज्ञान वाटायला लागतं.

दुसरी, आजाराच्या वयाचे गुण. दादाचा आजार चौदा वर्षांचा, त्यामुळे चार गुण त्याला बसल्या जागी मिळतात. सातला पोचायला वरचे तीनच हवेत. पण कोणी तीन वर्षांपूर्वी आजारी पडलेली मुलगी असेल तर तिला आजाराचे फक्त दोन मिळणार, उरलेले पाच रोजच्या जगण्यातून दाखवावे लागणार. आजार कोवळा असतो तेव्हाच मदतीने सगळ्यात जास्त फरक पडतो, आणि नेमका तेव्हाच उंबरठा सगळ्यात उंच. ही मोजपट्टी दुष्टपणाने लिहिलेली नाही. जुना आजार माणसाला पोखरत नेतो, हे लिहिणाऱ्यांनी ओळखलंय. फक्त त्याची दुसरी बाजू त्यांनी टेस्ट केलेली नाही.

मुदतीचा नियमही तर्काला धरून आहे. ज्या अपंगत्वात फरक पडण्याची शक्यता नाही त्याला कायमचं प्रमाणपत्र, ज्यात शक्यता आहे त्याला मुदतीचं. कापलेला पाय परत उगवत नाही, हे नियमाला कळतं. मन कधी बरं असतं, कधी नसतं, हेही कळतं. म्हणून दादाने अनुदानासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा आणि मुदत संपली की आजाराचा.

शीट

मार्चमध्ये मी गूगल शीट उघडलं. तारीख, काय घडलं, किती वेळ, कोणी सांगितलं. आईला रोज रात्री फोन करायचा आणि विचारायचं, "आज कसा होता?" आईचं उत्तर ठरलेलं: "बराय की." मग मी खोदून खोदून विचारायचे. जेवला का? किती वाजता उठला? आंघोळ कधी केली? कोणाशी काही वाद? मग हळूहळू निघायचं. दोन दिवस आंघोळ नाही. शेजारचे काका मोबाइलवर बोलत होते तर दादाला वाटलं त्याच्याबद्दल बोलताहेत. रात्रभर जागा होता. मी टाइप करत जायचे. ऑफिसात प्रॉडक्शनमध्ये काही बिघडलं की आम्ही लॉग बघतो. लॉग नसेल तर बिघाड सिद्ध होत नाही. मी दादाचे लॉग ठेवत होते.

जूनमध्ये तारीख मिळाली. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचारासाठी आठवड्यातला एक दिवस. आम्ही तिघं पहाटेच्या एसटीने गेलो. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईने आदल्या रात्री त्याची दाढी करून घेतली होती. मला आईवर चिडावंसं वाटलं. आज नको होती गं दाढी, असं तोंडापर्यंत आलं. मग मनात आलं, मी काय म्हणतेय हे?

डॉक्टर बाई होत्या, तरुण, थकलेल्या आणि सभ्य. बाहेर रांग होती. तरी त्या दादाशी आमच्याआधी बोलल्या, "तुम्ही" म्हणून बोलल्या. हे लिहायलाच हवं, कारण अशा लेखांमध्ये खिडकीपलीकडचा माणूस नेहमी खलनायक असतो.

"सकाळी किती वाजता उठता?"

"सहा."

"आंघोळ, कपडे स्वतःचं स्वतः?"

"हो."

कागदावर शून्य पडलं. उलटं वाचायची सवय मला शाळेपासून आहे.

"दिवसभर काय करता?"

दादाचा चेहरा उजळला. तो आठवड्यातून तीन दिवस एका नर्सरीत जातो, दोन तास. रोपांना पाणी घालतो, पिशव्या भरतो. मालक ओळखीचे आहेत. त्याने मॅडमना कढीपत्त्याचं रोप कसं जगवायचं ते सांगितलं. पाच वर्षांपूर्वी तो खोलीतून बाहेर येत नव्हता. कामाला एक गुण पडला.

"घरात कोणाशी भांडण, चिडचिड?" हा प्रश्न आईला होता.

आईने दादाकडे पाहिलं. मुलाच्या तोंडावर त्याची गाऱ्हाणी सांगायची म्हणजे काय, ते त्या फॉर्मला विचारा. "कधीमधी. सगळ्यांच्याच घरात असतं, मॅडम." एक गुण. संवादाला शून्य.

चार अधिक दोन. सहा.

मी मोबाइल काढला, शीट उघडलं आणि डॉक्टरांपुढे धरलं. "मॅडम, एकदा हे बघाल?" त्यांनी बोटाने खाली-वर केलं. अर्धा मिनिट असेल. मग आईला विचारलं, "आंघोळीची आठवण करावी लागते का?" आई गप्प. मी म्हणाले, "करावी लागते." शून्याचा एक झाला.

सात. चाळीस टक्के.

एसटीत दादा खिडकीशी बसला होता. घाट उतरल्यावर त्याने विचारलं, "तू कधीपासून लिहितेस?"

"मार्चपासून."

"रोज?"

"रोज नाही रे."

तो काही बोलला नाही. दादाचा आजार सुरू झाला तेव्हा त्याचं पहिलं वाक्य आईने कित्येकांना सांगितलंय: "कोणीतरी माझं सगळं लिहून घेतंय." चौदा वर्षं डॉक्टर, गोळ्या, समुपदेशन आणि आम्ही सगळे मिळून त्याला सांगत होतो की असं कोणी नाही. आणि आता होतं. मी होते.

पुढचे कित्येक दिवस मी व्हिडिओ कॉल केला की तो खोलीतून उठून जायचा.

जी मदत दिसत नाही

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई गप्प का बसली, हे मी नंतर तिला विचारलं. ती म्हणाली, "अगं, मी त्याला आठवण कुठे करते? मी नुसतं पाणी तापवून बादली भरून ठेवते. बादली दिसली की तो जातो."

या वाक्यापाशी मी बराच वेळ अडकले. मदत लागते का, हे मोजपट्टीत विचारलेलं आहे. तिच्या समितीला हे सुचलं नाही असं नाही. पण घरातली मदत चौदा वर्षांत भांड्याकुंड्यांसारखी झालेली असते. ती मदत आहे हे मदत करणाऱ्यालाच दिसत नाही. सकाळची बादली. गोळीची डबी जेवणाच्या ताटाशेजारी. टीव्हीचा आवाज कमी. पाहुणे येणार असतील तर दादाला दोन दिवस आधीपासून सांगत राहणं. नर्सरीच्या मालकांना बाबांची ओळख. यातली एकेक गोष्ट काढून घेतली तर काय उरेल ते आम्हाला माहीत आहे. २०१७ मध्ये आईचं ऑपरेशन झालं तेव्हा तीन आठवड्यांत बघितलंय.

म्हणजे मोजला जातो तो एकटा दादा नसतो. दादा, आई आणि गोळ्या असं तिघांचं मिळून एक चालतं यंत्र मोजलं जातं आणि आकडा दादाच्या नावावर लागतो. आईने काम जितकं चोख करावं तितके दादाचे गुण कमी. नूतनीकरणाच्या दिवशी हे सगळ्यात टोकाला जातं. गेल्या मुदतीत घराने जे कमावलं तेच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरतं. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट आईची साक्ष देत होता, आणि मी मनातून ती साक्ष खोडायला बघत होते.

देवराईतली बहीण

त्याच महिन्यात मी 'देवराई' पुन्हा बघितला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००४ चा चित्रपट. कॉलेजात असताना अर्धा बघून बंद केला होता. तेव्हा घरात जे चाललं होतं तेच पडद्यावर बघायची ताकद नव्हती. आमच्या वयाच्या अनेकांनी तो बघितलेला नाही. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरणविषयक चित्रपटाचा. स्किझोफ्रेनियावर मराठीत झालेल्या एवढ्या महत्त्वाच्या कामाला पुरस्कार मिळाला झाडांसाठी! आधी मला हे हास्यास्पद वाटायचं. आता वाटतं, परीक्षकांना जे दिसलं ते चुकीचं नव्हतं.

अतुल कुलकर्णींचा शेष कोकणातल्या देवराईत गुंतलेला आहे. त्याला ती वाचवायची आहे, तिचा अभ्यास करायचाय. हळूहळू देवराई आणि तो स्वतः यांच्यामधली सीमा पुसट होत जाते. सोनाली कुलकर्णीची सीना ही त्याची बहीण, ती त्याला आपल्या घरी घेऊन येते. कथा सरळ रेषेत जात नाही. आत्ता आणि तेव्हा यांत ये-जा करत राहते, आणि त्यामुळे शेष आपल्याला कधी 'पेशंट' म्हणून एकट्याने भेटत नाही. तो भेटतो तो कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी लहानपणचा सोबती म्हणून. देवराई हे रूपक इथे नुसतं शोभेचं नाही. देवराईत एक झाड वेगळं काढून मोजता येत नाही. वेल, बुरशी, पाणी, सावली, गावाची श्रद्धा, सगळं एकमेकांना धरून उभं असतं. आजारी माणूसही तसाच असतो, हे चित्रपट भाषण न देता सांगतो. डॉ. मोहन आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. ते या चित्रपटात आहेत हे जाणवतं. आजाराला गूढ, काव्यमय करून टाकायचा मोह कथेत ठासून भरलाय, पण चित्रपट पुन्हा पुन्हा गोळ्यांकडे आणि घरातल्या दिनक्रमाकडे परत येतो.

मी या वेळी शेषपेक्षा सीनाकडे जास्त बघत होते. तिचं घर त्याच्याभोवती नव्याने मांडलं जातं, तिच्या संसाराला त्याचे ओरखडे पडतात. आमच्या घरातली बादली मला तिथे दिसली. मोजपट्टीला जे दिसत नाही ते चित्रपटाला दिसतं, कारण चित्रपट माणसाबरोबर दोन तास बसतो. डॉक्टरांकडे तेवढा वेळ नसतो. हा त्यांचा दोष नाही.

पण बहीण म्हणून माझी एक तक्रार आहे. सीनाला कधी रांगेत उभं राहावं लागत नाही. शेषकडे जमीन आहे, सीनाकडे शहरातलं घर आहे, डॉक्टरांकडे बोलायला वेळ आहे. चित्रपट आला तेव्हा आयडियाज दोन वर्षांची झाली होती, पण त्या जगात मला कुठे तलाठी, दाखला, शिक्का दिसला नाही. सीनाला भावाबद्दल जे कळतं ते तिने कोणाला सिद्ध करून दाखवायचं नाहीये. त्यामुळे तिचं बघणं प्रेमाचं राहू शकतं. माझं बघणं मार्चपासून पुराव्याचं झालं होतं.

बारा गुणांचा सुतार

सिद्ध करण्याची गोष्ट दुसऱ्या एका चित्रपटात आहे. केन लोचचा 'आय, डॅनियल ब्लेक' २०१६ मध्ये कानला पाम दोर जिंकून आला. ब्रिटनमधल्या न्यूकॅसलचा ५९ वर्षांचा सुतार. हार्ट अटॅक आलाय, डॉक्टर म्हणतात काम करू नका. सुरुवातीला पडदा काळा आहे, फक्त आवाज ऐकू येतात. एक बाई विचारतेय, हात डोक्यापर्यंत उचलता येतो का, अमुक इतकं चालता येतं का. तो सांगतोय की माझं हृदय बिघडलंय, हात नाही. भत्त्यासाठी १५ गुण लागतात, त्याला १२ मिळतात. उरलेला चित्रपट त्या तीन गुणांचा आहे.

लोचला कागद कसा माणसाला थकवतो हे नेमकं माहीत आहे, आणि फोनवरचं संगीत ऐकत ताटकळणारा डॅनियल बघून मला हसू आणि रडू दोन्ही आलं. पण डॅनियल सोपा नायक आहे. त्याचं मन शाबूत आहे. तो अन्यायाला अन्याय म्हणू शकतो, भिंतीवर स्प्रेने स्वतःचं नाव लिहू शकतो. रस्त्यावरचे लोक टाळ्या वाजवतात, आपणही वाजवतो. दादाने भिंतीवर काही लिहिलं असतं तर कोणी टाळ्या वाजवल्या नसत्या. कामाच्या किंवा वागण्याच्या रकान्यात एक गुण वाढला असता. ज्याच्या बोलण्यावरच शंका घेतली जाते, त्याने तक्रार कशी करायची, हा प्रश्न लोचच्या चित्रपटात येत नाही. एकात मन आहे आणि कागद नाही, दुसऱ्यात कागद आहे आणि आजारी मन नाही. दोन्ही असलेली मराठी गोष्ट माझ्या वाचनात, बघण्यात आलेली नाही.

फॉर्म वेगळा लिहिता येतो, हेही ब्रिटनकडूनच कळतं. तिथे २०१३ पासून 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' नावाचा आणखी एक भत्ता आहे. त्याच्या नियमात असं आहे की एखादी अडचण निम्म्याहून जास्त दिवस येत असेल तर ती धरायची. म्हणजे 'करता येतं का' याबरोबर 'किती दिवस' हाही प्रश्न आहे. इस्त्रीच्या शर्टातला एक बुधवार तिथे संपूर्ण माणूस ठरत नाही. हा भत्ता काही स्वर्ग नव्हे. मानसिक त्रासामुळे एकट्याने बाहेर पडता न येणाऱ्यांना त्याच्या नियमाने बाजूला टाकलं होतं, आणि डिसेंबर २०१७ मध्ये तिथल्या हायकोर्टाने तो नियम भेदभावाचा ठरवला. पण त्यातली 'किती दिवस'ची कल्पना घेण्यासारखी आहे. आपल्या फॉर्ममध्ये मला आणखी एक रकाना हवाय: हे जमतं ते कोणाच्या आधारावर, आणि तो आधार उद्या नसेल तर? आई ६१ वर्षांची आहे.

१४ मे

कार्ड आलं. अनुदान थोडे महिने अडकून पुन्हा सुरू झालं; मग दिव्यांगांसाठी ते अडीच हजार झालं. दादा खूश होता. माझ्याशी बोलायला लागला होता, पण मी मोबाइल हातात घेतला की त्याची नजर त्यावर जायची.

दिवाळीला घरी गेले तेव्हा मी त्याला शीट दाखवलं. डिलीट करावं असं आधी ठरवलं होतं. मग वाटलं, न दाखवता पुसून टाकणं म्हणजे दुसऱ्यांदा तेच करणं. "हे आहे. सगळं एवढंच आहे," मी म्हणाले. त्याला एडिट करायची परवानगी दिली. त्याने मोबाइल घेतला आणि गच्चीवर गेला. मी खाली आईबरोबर चकल्या तळत होते आणि माझे कान जिन्याकडे होते.

तासाभराने परत आला. शेवटी त्याने एक नवीन रकाना केला होता: 'माझं म्हणणं'. बहुतेक ओळींपुढे काहीच नव्हतं. शेजारच्या काकांच्या ओळीपुढे लिहिलं होतं, "बोलत होते. पण माझ्याबद्दल नसेल." एका ओळीपुढे, "हे खरं आहे." आणि १४ मेच्या ओळीपुढे. माझी नोंद होती: 'रात्रभर झोपला नाही. सांगणार: आई.'

त्याने लिहिलं होतं, "आईला ताप होता."

मी आईला विचारलं. तिला आठवलं. हो, ताप भरला होता, तोच कपाळावर पट्ट्या ठेवत बसला होता. "मग तू मला हे का नाही सांगितलंस?" आई म्हणाली, "तू विचारलंस, तो झोपला का. मी म्हटलं नाही."

मी बरोबर प्रश्न विचारला होता आणि बरोबर उत्तर लिहिलं होतं. डॉक्टरांच्या बोटाखालून ती ओळही सरकली असेल. सातवा गुण कुठल्या ओळीने दिला ते मला माहीत नाही. 'रात्रभर जागा' वाचून त्यांनी मान हलवली होती, एवढं आठवतंय.

हा लेख छापायच्या आधी दादाला वाचायला दिला. त्याने दोन दिवस घेतले. मग व्हॉट्सॲपवर मेसेज आला: "नर्सरीत आता चार दिवस जातो. ते बदल."

बदललं नाही, इथे लिहिलं. जूनमध्ये तीनच होते. पुढचं नूतनीकरण २०३० मध्ये आहे, आणि तेव्हा हा चौथा दिवस सांगायचा की नाही हे आम्ही दोघांनी मिळून अजून ठरवलेलं नाही.